कडू घास

चि. देवराव यास अनेक आशीर्वाद.

सुतक आहे म्हणून वर ‘श्री’ लिहिलं नाही. काल दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी जेलच्या साहेबांनी आई गेल्याचं सांगितलं. तोवर तू अग्नी दिला होतास. शाळा न शिकता कमावलेलं माझं अक्षर आज पहिल्यांदा बिघडून राह्यलं.

मी भिंतीशी बसलो होतो. ताट घेऊन कोण यावं? मोहनसिंग! अंथरूण माझ्या जागेत सरकवतो म्हणून वीत लावून मोजून मी ज्याची तक्रार केली, दोन महिने ज्याच्याशी बोललो नाही, तोच.

“खा नथ्थूभाऊ. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यानंच आणा लागते.”

“इथं कोण कोणाचा शेजारी?”

“मी. हद्द तुमीच मोजली न!”

मी मान वर केली. मागं बराकीतले बावीस जण ताटं धरून उभे. मी घास घेईपर्यंत कोणीच जेवलं नाही.

तू जेवलास का? आक्काले झोप लागते का?

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर आईचा जीव माझ्यात अडकला समज. तिले मोठ्यानं सांग, “नथ्थूले जेवू घालणारे लोक हायेत.”

तुझा मोठा भाऊ,
नथ्थू