लवेखालच्या गाठी

ता. ९ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. चौथा महिना सरेपर्यंत ताईला कळवलं नाहीस, याबद्दल भेटल्यावर कान धरीन. का गप्प बसलीस तेही कळतं म्हणा. बातमी वाचून मी लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्याकडे बघून चक्क हसले. माझं असं रूप त्याच्या पाहण्यात नाही, त्यामुळे बिचारा दिवसभर धास्तावलेला होता.

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, काल हिय्या करून तिची पेटी उघडली. आत ते बाळाचं पांघरूण निघालं. लोण्याच्या रंगाचं, अर्धंमुर्धं, क्रोशाची सुई टाक्यात तशीच अडकलेली, शेजारी न उघडलेले गुंडे. ती केसाळ लोकर आठवते ना? हातात घेतली की मांजराचं पिल्लू, आणि विणायला बसलं की डोक्याला ताप. लव इतकी दाट की टाका दिसतच नाही. बोटांनी चाचपत दोन उभ्या टाक्यांमधली फट शोधायची आणि सुई तिथे घालायची. आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, म्हणूनच तिला ती झेपली. ओळीचं टोक सापडावं म्हणून ती प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात बटणाच्या दोऱ्याची बारीक गाठ मारायची आणि दोरा दातांनी तोडायची. कात्री दिली तरी घ्यायची नाही. त्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटाला बरोबर लागतात.

मी ते पुरं करायला घेतलंय. गाठी मारायचा उद्योग मला जमणार नाही, मी टोकाला सेफ्टीपिन अडकवते. चहात, वरणात, माझ्या नाकात, जिकडेतिकडे लव झालीय. तू मात्र जड काही उचलू नकोस. मेहुण्यांना म्हणावं, बादल्या भरायला देवाने त्यांनाही हात दिलेत.

तुझी,
ताई


ता. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, रागावू नकोस, पण ते पांघरूण या बाळाचं नाही. ते तिचं आहे, माझ्या पहिलीचं. तिच्यासाठी आईने ते विणायला घेतलं, ती आली तशीच गेली, आणि आईने सुई त्या टाक्यात ठेवून पेटी बंद केली. त्यानंतर आपल्यापैकी कुणीही तिचा विषय काढला नाही. तुम्ही सगळे मला जपत होतात, मी तुम्हाला जपत होते.

म्हणून सांगते, उसवून टाक. त्याच लोकरीचं दुसरं काही करू नकोस. नव्या बाळासाठी साधं, गुळगुळीत लोकरीचं काहीही कर, अगदी वेडंवाकडं चालेल. तुझं वेडंवाकडंच होतं हे मला पहिल्या मोज्यापासून माहीत आहे. हे म्हणतात मी उगाच मनाला लावून घेते. असेल तसं, पण मला ते घरात नको.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिंगी


ता. ६ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून उसवायला बसले. ही लोकर विणण्यापेक्षा उसवायला वाईट. लव लवेत गुंतते आणि ओढावं तसं जास्त आवळते. लोकरवाल्या बाईंनी सांगितलं की थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, लव ताठ झाली की सुटते. तुझ्या बाळाचं पांघरूण वाटाण्याच्या पिशवीवर ठेवलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

माझ्या ओळी सुटल्या. आईच्या ओळी मात्र सुटत नाहीत. फ्रीजरमधून काढून पुन्हा ठेवलं, तरी एक टाका हलला नाही.

आता जे लिहिते त्यावर हसू नकोस. माझ्या ओळी उसवताना बोटाला काहीतरी टोचलं. सेफ्टीपिनेखाली बटणाच्या दोऱ्याची गाठ होती. मागच्या ओळीत चाचपलं, तिथेही होती. मी विणलेल्या प्रत्येक ओळीत होती, चिंगे. लव बाजूला करून उजेडात पाहिलं तर टोकं चपटी, चावून तोडलेली. मी दिवसभर लोकांचे कपडे दुरुस्त करते, कात्री माझ्या गळ्यातच असते. आणि माझ्या पुढच्या दाताची कॅप दिवाणाखाली गेल्यापासून मला पाव तोडता येत नाही, दोरा कुठला तोडते.

मी घाबरले आहे. तुला कळवावं की नाही, यावरही पुष्कळ विचार केला. पण लपवालपवी आपण एकदा करून पाहिली आहे.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझा दात नीट करून घे. मग मी म्हणणार होते की तूच विचारांच्या तंद्रीत गाठी मारत असशील, आईचे हात बघतच तू शिकलीस. तसं लिहायला घेतलं होतं, पण माझाच त्यावर विश्वास बसेना.

मला एकच भीती आहे, ती सरळ लिहिते. आई ते कुणासाठी पुरं करतेय? माझ्या पहिलीला तिथे एकटीला थंडी वाजते म्हणून असेल, तर करू दे. पण तिला सोबत हवी म्हणून आई याही बाळाला न्यायला आली असेल तर? डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे. मागच्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या. बाळ थोडा वेळ हललं नाही की मी पोटावर हात ठेवून चाचपत बसते, आई टाके चाचपायची तशी.

उसवू नकोस आता. काय करावं ते तूच ठरव, माझं डोकं चालत नाही. तुझ्या आशीर्वादाची गरज आहे.

तुझी,
चिंगी


ता. २ जून

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

दिवस भरत आले. सोबत पार्सल आहे. माझ्या ओळी मी पुन्हा विणल्या. गाठी पुन्हा आल्या. आता मी त्यांना बोट लावूनच पुढे जाते, पिना काढून टाकल्या. खरं सांगू, पांघरूण इतकं सरळ माझ्याच्याने एकटीने झालं नसतं.

आई कुणासाठी विणते ते मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगून तुला खोटा धीर देणार नाही. पण गाठ आई एवढ्याचसाठी मारायची, की न दिसणाऱ्या कामात कड हातातून सुटू नये. कुणाला न्यायला आलेलं माणूस कड कशाला धरून ठेवील?

शेवटची ओळ शिल्लक ठेवलीय. ती तू विण. तुला क्रोशा येत नाही हे माहीत आहे, म्हणून वेगळा छोटा तुकडा नमुन्याला विणून पाठवते. नकोच वाटलं तर पार्सल न उघडता कपाटावर टाक, मी विचारणार नाही.

मी सुट्टी काढली आहे. बोलाव, की निघाले.

तुझी,
ताई


ता. २७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू इथून गेलीस आणि घर रिकामं वाटायला लागलं. तुझी भाची सुखरूप आहे, रडते तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खाली येतात. नाक तुझं आहे, त्याला आता इलाज नाही.

तू होतीस तोवर मी पार्सल उघडलं नाही आणि तू शब्दाप्रमाणे विचारलं नाहीस. आज दुपारी उघडलं. ती पाळण्यात झोपली होती, हे कामावर गेले होते. तुझा नमुना मांडीवर ठेवून ती ओळ विणली. चुकत, चाचपत, डोळे मिटून, कारण डोळे उघडे ठेवून काही उपयोग होत नव्हता. शेवटचा टाका घातला आणि मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. म्हटलं, "आई, मला दोन मुली आहेत. हे दोघींचं आहे."

मग पांघरूण तिच्या अंगावर घातलं. तिने झोपेतच मूठ उघडली आणि एक कोपरा घट्ट धरला. लोकर तोंडात जाईल म्हणून मी तिची बोटं सोडवायला गेले. माझ्या ओळीच्या पहिल्या टाक्यात, तिच्या मुठीच्या आत, गाठ होती.

ताई, या घरात बटणाचा दोरा नाही. मी घाबरले नाही. बराच वेळ त्या गाठीवर बोट ठेवून बसले. दोऱ्याचं चावलेलं टोक अजून ओलं होतं.

पत्र मिळताच ये. आम्हा दोघींवर आहे तसाच लोभ माझ्या थोरलीवरही ठेव.

तुझी,
चिंगी