बरणीला न आलेली बुरशी

आई, त्या वर्षी लोणच्याच्या बरणीला बुरशी आली नाही, हे तुला दिसलं होतं. मग तू ते घरात कोणालाच का सांगितलं नाहीस? इतकी वर्षं झाली, मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

अकोटच्या स्वयंपाकघरात मी उभी आहे, शाळेच्या कपड्यांत. पाळीमुळे बाहेरच्या खोलीत एकटी बसून कंटाळले, पाणी प्यायला आत आले, तर बरणीवरचं फडकं सुटलेलं दिसलं. ते बांधलं. नेमकी मोठी आई, तुझी थोरली जाऊ, दारात. तिच्यासमोर तू ओरडलीस, “बरणीले हात काहून लावला वो? आता बुरशी येईन, सारं फेका लागन!” फेकलं मात्र नाहीस. ती बरणी फळीच्या कोपऱ्यात वेगळी ठेवलीस, आणि वर्षभर तिच्यातली फोड फक्त तुझ्या ताटात दिसायची. एकदा माझ्या डब्यात निघाली. पुढच्या कैऱ्या आल्या तेव्हा तू नव्हतीस.

आता अकोल्याबाहेर माझं छोटं शेडनेट आहे, भाजीसाठी उभारलेला जाळीचा मांडव. घरातली पहिली पदवी घेतली आणि ठरवलं, इथेच राहून मातीशिवाय भाजी पिकवायची, इथल्या बायकांना ते काम शिकवायचं. पंपाने पाणी ट्रेमध्ये चढतं, मुळं भिजतात, पाणी परत खाली टाकीत उतरतं. सगळ्या झाडांचं पाणी एकच, म्हणून एकाचं मूळ सडलं की सगळ्यांना धोका. टाकीला उजेड लागू द्यायचा नाही, कीड शिरेल असं भोक जाळीला ठेवायचं नाही, पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. एवढं सांभाळूनही या उन्हाळ्यात पालकाने माना टाकल्या. मुळं तपकिरी, बुळबुळीत.

माझ्याकडे दोघी कामाला येतात. थोरलीने धाकटीकडे बोट दाखवलं. “पाळीत इनंच हात लावला, ताई. मी नाही सांगतलं होतं? इले ठेवसान त मी नाही येत.” धाकटी जाळीबाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिली, मी बसायचे तशीच अंग चोरून. “हात धुतले होते न मी,” एवढंच म्हणाली.

मी ट्रे तपासले. पाणी उतरण्याच्या तोंडाशी तुटक्या मुळांचा गुंता अडकला होता, पाणी ट्रेमध्येच साचून तापत होतं. थोरलीला ते दाखवलं. ती म्हणाली, “असन. तुमी शिकेल लोकं, तुमाले सारं चालते.”

सगळं पीक उपटून लांब टाकलं. टाकी आणि ट्रे घासले, कडक उन्हात वाळवले, त्या तोंडाला जाळी बसवली. घासताना तूच डोळ्यांसमोर होतीस. कदाचित ती फोड खाणं हीच तुझी बाजू घेण्याची रीत होती. पण तू गप्प राहिलीस, आणि मी पुढच्या महिन्यात पुन्हा बाहेरच बसले.

आज सकाळी माझी पाळी आली. दोघींना तसं सांगितलं, टाकीत हात घालून पाणी ढवळलं आणि रोपं लावायला घेतली. धाकटीला म्हटलं, “ये, ती ओळ तू घे.” थोरली चपला घालून निघून गेली. दुपारी तिच्या ठेच्याशिवाय डबा खाल्ला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पाण्यात हात घालताना क्षणभर मलाही वाटलं, बुरशी आली तर? तरी रोपं लावली, शेवटच्या ओळीपर्यंत.