मातीच्या घरात राहतं कोण

१४ मे, लातूर
पाहुणे येऊन गेले. दोन गोरे, एक दिल्लीच्या बाई. आमची लेक संगी नांदेडला आर्किटेक्चर शिकवते. तिनं औसा रोडच्या आपल्या प्लॉटवर बांधलेलं मातीचं घर बघायला आले होते. मातीच्या विटा, मधून बांबू, वर हलकं छप्पर. आत पाऊल टाकलं की घाम सुकतो. पंखा नाही. जूनमध्ये जर्मनीत हवामान परिषद, तिथं ती बोलणार. म्हणे, थंड देशांनी आम्हाला उपाय शिकवू नयेत, उन्हात राहणाऱ्यांकडं ते आहेत. पोरगी बोलते झकास.
बाईंनी विचारलं, "इथं राहतं कोण?" संगी पाणी आणायला गेलेली. मी म्हणालो, "आम्हीच की! मी न् मंडळी." लगेच फोटो.

१८ मे
संगीचा फोन. परिषदेच्या पत्रकात माझा फोटो, खाली 'या घरातले रहिवासी'.
"अप्पा, असं कसं बोललात? आता तिथं उभी राहून मी खोटं बोलू?"
म्हटलं, खोटं कशाला, जातो की राहायला.
जीभ माझी सैलच.

१९ मे
मंडळीपुढं, म्हणजे काशीपुढं, विषय काढला. भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मातीच्या भिंतीखाली माझी माय गेली, भाऊ गेला. अन् तुमाला गार हवा पायजे व्हय?"
"अगं, हे दगडमातीचं नाही. हलकं आहे. हादरलं तरी..."
"तवा बी समदे म्हनायचे, घर लई मजबूत हाय."
किल्लारीकडचं माहेर, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेलं. 

२३ मे
मातीच्या घरात एकटाच येऊन राहिलोय. दुपारी गाढ झोप. उठलो आणि वाईट वाटत राहिलं. भूकंपानंतर गुत्तेदारी केली, घरं बांधली ती स्लॅबची. मग क्लासवाल्या पोरांची होस्टेलं, तीही स्लॅबची. लोकांनाच सिमेंट हवं होतं, खरं आहे. पण त्या उकाड्यात पोरं ओली चादर अंगावर घेऊन केमिस्ट्री पाठ करतात. दुसरं काही बांधून दाखवावं, असं तेव्हा मनातच आलं नाही.
माझ्या कामांवरचा जुना बाबूमिस्त्री चहाला आला. "सेठ, सारे लातूर कू भट्टी में बिठाके आप माठ में बैठे?" हसलो. त्याला चहा ओतला.

२ जून
संगी जर्मनीला पोचली, तिथून फोन. उद्या तिचं भाषण. "आई गेली का तिथं? एक दिवस तरी?"
"बघतो."
"बघतो नको, अप्पा. आपल्याच माणसांना भीती वाटते ते घर मी जगाला कुठल्या तोंडानं सांगू?" लाइन कटली.

३ जून
दुपारी काशी रिक्षानं आली, डबा घेऊन. उन्हानं चेहरा लाल. उंबऱ्यापाशी थांबली, डबा आत सरकवला. भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ.
"गारच हाय की."
"हाव. ये ना. दार उघडंच ठेवतो."
"मायचं बी उघडंच हुतं."
मी आत जेवलो, ती बाहेर.  हिच्याशी दोन शब्द न बोलता मी त्या बाईंना 'मी न् मंडळी' सांगून बसलो होतो.
भाषणाआधी संगी फोन करणार आहे. काशी म्हणाली, "आला की मला द्या. लेकीला मी सांगते."
काय सांगणार, विचारायचा धीर झाला नाही. अजून बसली आहे. बाहेरूनच, पण भिंतीला पाठ टेकून.