चिखलातली काठी

सौंदड, २० ऑक्टोबर १९५५

चि. प्रेमिलास केशोकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रामुळे माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला, ही तक्रार आधी नोंदवून घे. यंदा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकात नायिका दुधराम नाही, तू होणार, एवढे मराठीत लिहिलेस आणि मी नको म्हणेन हे गृहीत धरून मला इंग्रजीत ‘फॉसिल’ आणि ‘स्टिक-इन-द-मड’ ठरवलेस. अर्थासाठी भर उन्हात स्टेशन गाठले. मास्तरांनी चहा बाजूला ठेवून डिक्शनरी काढली. पहिला म्हणजे मेल्यावर दगड झालेला जीव, दुसरा म्हणजे चिखलात रुतलेली काठी. जुन्या वळणाच्या माणसाला तिकडे असे म्हणतात म्हणे. मास्तरांचा चहा मात्र निवला, तो माझ्या नावावर.

फॉसिल परत घे. दगडाचे गुडघे दुखत नाहीत. काठीबद्दल आभारी आहे. आपल्याकडे धानाच्या बांधीचा बांध फुटला की आधी चिखलात काठ्याच ठोकतात, मग माती धरते. इंग्रजांनी धान लावले नसावे.

आता नाटक. मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी नाहीच म्हणणार होतो. दुधरामला विचारले, तर तो म्हणाला, “येऊ द्या ना पोरीले. मले कायले दरसाल मिशा काढाले लावता? बायको हासते.”

तेव्हा, हो. दादांना, तुझ्या बाबांना, मी कळवतो. आशीर्वाद आहेत, ते पाठांतराला लाव.

केशोकाका

नागपूर, २८ ऑक्टोबर १९५५

ती. काकांस प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

तुमचा होकार वाचून मी होस्टेलच्या गच्चीवर सगळी भूमिका म्हणून दाखवली. खालून वॉर्डनबाई ओरडल्या. फॉसिल मागे घेतले.

पण गोंदियाहून बाबांचे पत्र आले आहे. स्टेजवर उभी राहिलेली पोर कोण करून घेईल, असे विचारतात. नाटक मोडायला स्वतः सौंदडला येणार आहेत. काका, तुम्ही त्यांच्यापुढे कधी मान वर केलेली मी पाहिलेली नाही. यंदा नाही जमले, तर पुढच्या दिवाळीला मी कुणाच्या तरी घरची सून असेन.

माया आहेच, या खेपेला थोडी हिंमतही द्या.

प्रेमिला

सौंदड, २६ नोव्हेंबर १९५५

चि. प्रेमिलास आशीर्वाद. वि. वि.

तू नागपूरला पोचलीस. आता स्टेजवरून जे दिसले नाही, ते सांगतो.

दादा मंडईच्या सकाळी आले. मी पाया पडलो, पाट मांडला, पाणी दिले. त्यांनी समाज काढला, आजोबा काढले, तुझे लग्न काढले. मी मान खालीच ठेवली आणि दरवेळी तेच म्हणालो, “पोरीला हो म्हटलं आहे, दादा.” शेवटी ते ओरडले, “तू काऊन अडून राहिला रे, केशो?” मी पुन्हा पाया पडलो आणि पुन्हा तेच म्हणालो. दादा न जेवता उठून गेले.

गोंदियाच्या गाडीत बसले असतील, असे मला वाटले. पण तू स्टेजवर आलीस, तेव्हा ते मागे बैलबंड्यांच्या रांगेत, डोक्यावरून घोंगडी घेऊन उभे होते. तू रडलीस तेव्हा घोंगडी हलली. जाताना दुधरामला एवढेच म्हणाले, की पोरीचा आवाज तिच्या आईवर गेला आहे.

लोभ असू दे, शिव्या मात्र मराठीत देत जा.

केशोकाका

ता. क. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची मास्तरांना दिली होती, हातात घरचा चहा. वाफाळता होता. मी मंडपाच्या खांबाशी उभा राहिलो. पडदा पडेपर्यंत हललो नाही.