कोबेच्या बोलीतलं भांडण

मामी, मागच्या महिन्यात मी तुमच्या जपानीत भांडले आणि काल त्याचा निकाल लागला. जिंकले. तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, कोणाशी आणि कशावरनं, म्हणून पहिल्यापासून सांगते. आज शनिवार आहे. दुपारची जेवणं झाली, मुलगी क्लासला गेली, नवरा कोयंबेडूच्या बाजारात केळीची पानं आणायला गेलाय, उद्या त्याच्या आईबाबांना जेवायला बोलावलंय. घरात मी एकटी आहे आणि खूप दिवसांनी इतकी खूश आहे की बसवत नाही.

बाबांची चेन्नईजवळ तांबरमच्या हवाई दलाच्या तळावर बदली झाली आणि आम्ही नाशिकहून इथे आलो, तेव्हा मी नुकती बी.कॉम. झाले होते. तमिळ येत नव्हतं, नोकरी नव्हती, दुपारभर खिडकीत बसून मी रडवेली व्हायचे. तुम्ही आईला भाजीवाल्याकडे भेटलात. आई भेंडी निवडताना स्वतःशीच पुटपुटत होती आणि मागून तुम्ही म्हणालात, "कोवळी त्या टोपलींत आहे, बाई." आई घरी येऊन सांगू लागली, "इथे एक मामी आहेत, मराठी बोलतात, पण बखर वाचल्यासारखं!" तुमची तंजावरची मराठी, तिला तमिळचा हेल, मधेच 'निजणें', मधेच 'बरीक', आणि सगळ्यावर 'अय्यो'. आमची मराठी तुम्हांला रेडिओच्या बातम्यांसारखी वाटायची. आईचं आणि तुमचं खरी मराठी कुणाची यावरून जे जुंपायचं, ते उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीची वाटी मधे आल्याशिवाय मिटायचं नाही.

तुमचं अर्धं आयुष्य कोबेत गेलं होतं. मामा तिथल्या एका कापडाच्या व्यापारी पेढीत होते. ते गेल्यावर तुम्ही परत आलात आणि बरोबर आणलीत फक्त तांदूळ धुवायची बांबूची एक चाळण आणि ती भाषा. "पोरी, तुला तमिळ यायला वेळ लागेल," तुम्ही म्हणालात, "तंवर जपानी शीक." मला वाटलं चेष्टा करताय. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, तुम्ही विळीवर पडवळ चिरताय, आणि दर फोडीला एक क्रियापद. दूध उतू जायला लागतं आणि तुम्ही ओरडता, "आकान! आकान!" मी ते वाक्यात घालते. पुढे कितीतरी दिवसांनी मला कळलं की 'नाही चालायचं' याला पुस्तकात वेगळा, सभ्य शब्द आहे, आणि तुम्ही मला शिकवत होतात ती कोबेच्या बाजारातल्या बायकांची बोली होती.

धडा संपला की तुमचं जग सुरू व्हायचं. पेपर पुढ्यात घेऊन तुम्ही जहाजांपासून येनपर्यंत सगळ्यावर बोलायचात. कुठे युद्धाची बातमी आली की मला विचारायचात, "सांग, आधी काय महागेल?" मी म्हणायचे तेल. "नव्हे. जहाजाचा विमा. तेल मागून." कोबेतल्या आपल्या लोकांच्या रविवारच्या बैठकींबद्दल तर तुम्ही तावातावानं सांगायचात. पुरुष मंडळी चहा पीत जपानी माणसाच्या मनावर बोलत असत, तो हसत कसा नाही, त्याच्या पोटात काय असतं, आणि त्यांतल्या एकालाही शेजारणीचं नाव ठाऊक नसे. "माल विकायला गेलेला मनुष्य देश पाहत नाहीं, गिऱ्हाईक पाहतो," तुम्ही म्हणायचात, "आणि घरी येऊन सांगतो, मी देश पाहिला." तुमची सगळीच मतं खरी ठरली असं मात्र नाही हं. चेन्नईत मेट्रो कधी धावणार नाही, असं तुम्ही शपथेवर सांगितलं होतंत. आता माझी मुलगी मेट्रोनं क्लासला जाते.

तुमचा एक ओरडा मी जन्मात विसरणार नाही. मामांच्या ओळखीचे एक जपानी व्यापारी चामडं बघायला आले होते. दुभाषी म्हणून तुम्ही मला नेलंत आणि स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर घेऊन गप्प बसलात. त्यांनी एक कातडं उलटसुलट केलं आणि म्हणाले, याचा तर कुत्र्याचा पट्टाही करणार नाही. मी दुकानदाराला हसून सांगितलं, साहेबांना याहून जरा चांगलं बघायचंय. दुकानदारही हसला, त्यानं तसलंच आणखी एक काढलं, आणि तासाभरानं साहेब काही न घेता उठले. घरी आल्यावर पायांवर पाणी घेतलंत आणि मग माझ्याकडे वळलात. "तूं काय गोड पायसम वाढायला गेली होतीस? तो तिखट बोलला, तर तिखटच पोचव. त्या दुकानदाराला राग आला असता, त्यानं आंतलं चांगलं चामडं काढून तोंडावर मारलं असतं. त्याचं उत्तर तूं खाल्लंस." मी म्हटलं, भांडण झालं असतं. "होऊं दे. भांडण म्हणजे दोघे बोलत आहेत. पोदुम, पुरे, आतां कॉफी घे." आणि कॉफी मात्र नेहमीपेक्षा गोड केली होतीत.

मला इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून घेतलं आणि पहिल्याच हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी जपानला पाठवायचं ठरलं, तेव्हा तुम्ही ट्रंकेतून तुमचा लोकरीचा ओव्हरकोट काढलात. मे महिन्यासारखं ऊन, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तुम्ही म्हणताय, घालून दाखव. मी घामानं निथळत होते आणि तुम्ही मागेपुढे फिरून खांद्याची शिवण ओढून बघत होतात. "ठीक. आतां थंडी तुला विचारून येईल." त्या कोटाची बाही माझ्या बोटांपर्यंत यायची. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी तिकडेच होते. आईचा फोन आला तेव्हा मी स्टेशनच्या फलाटावर होते, बर्फ पडत होता, आणि मी कोट घट्ट धरून गाडीमागून गाडी सोडत उभी राहिले.

तेव्हापासून मी याच कारखान्यात आहे. आम्ही गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या करतो, पाऊस आणि धूळ आत येऊ नये म्हणून असतात त्या. आमचे जपानी साहेब बदलत राहतात, तीन-चार वर्षं राहतात आणि जातात. समुद्रकाठच्या उंच इमारतीत घरं, गाडीनं यायचं, गाडीनं जायचं, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून जेवायचं. दुभाषी म्हणून मलाही बोलावतात. आणि मामी, तुमच्या रविवारच्या बैठका मी तिथे डोळ्यांनी पाहिल्या, फक्त माणसं उलटी. भारतीय माणूस 'हो' म्हणतो म्हणजे त्यानं फक्त ऐकलेलं असतं. व्हिएतनाम असं आहे, थायलंड तसं आहे, पुढचं जग कुणाचं. मी भाताची वाटी घेऊन ऐकत बसायचे. सुरुवातीलाच एका साहेबांनी मला समजावलं होतं, तुमची जपानी चांगली आहे पण मासळीबाजारातली वाटते, ती धुऊन घ्या. मी धुऊन घेतली. बातम्यांसारखी स्वच्छ केली.

या वर्षी समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशानं आयात शुल्क वाढवलं आणि आमच्या पट्ट्या तिकडे जायच्या त्या अडकल्या. नव्या लाइनसाठी यंत्रं यायची होती, आसपासच्या गावांतल्या मुली शिकून तयार होत्या. एकदम सगळं थांबलं. ती लाइन चेन्नईला न आणता, ज्याच्या मालावर शुल्क कमी अशा दुसऱ्या देशात न्यायची, असं मुख्य कार्यालयाच्या मनात आलं आणि ठरवायला तिथले एक वरिष्ठ संचालक आले. टेबलाच्या एका बाजूला ते आणि आमचे उपाध्यक्ष, दोघं जपानी. समोर आमचे कारखाना प्रमुख, मदुरैचे, अतिशय शांत गृहस्थ. मधे मी.

उपाध्यक्षांनी मांडणी केली. पावसाळ्यात पाणी भरतं, बंदरात माल अडकतो, कामगार टिकत नाहीत. मी एकेक सांगत गेले. मग ते म्हणाले, "मुख्य अडचण स्वभावाची आहे. इथली माणसं तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. त्यामुळे त्यांच्या शब्दावर धंदा करता येत नाही." आणि माझ्याकडे बघून हळूच, "हे शेवटचं सांगायची गरज नाही."

कारखाना प्रमुखांनी मला विचारलं, "एन्न सोन्नार?" काय म्हणाले ते?

मामी, मला गोड करता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं, सांगू नका म्हणाले तेही सांगितलं. कारखाना प्रमुखांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग ते तमिळमध्ये बोलू लागले, एरवी मीटिंगमध्ये ते इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. "मागच्या वर्षीची ती तारीख जमणार नाही, असं मी म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. यांनी मला सांगितलं, सकारात्मक विचार करा. 'नाही' मी म्हणतो. यांना ऐकू येत नाही." मी त्याची जपानी केली आणि एकही कोपरा घासला नाही. उपाध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

संचालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं मधे बसला आहात. तुमचं मत काय?"

दुभाष्याला मत विचारत नाहीत. मी माफ करा म्हणायला तोंड उघडलं आणि आतून निघालं, "आकान!" आणि मग जे सुरू झालं ते सगळं तुमच्या बोलीत, विळीवर बसून बोलल्यासारखं. म्हटलं, जकात बघून घर हलवू नका. आज तिथली कमी आहे, उद्या एका सहीनं वाढेल, मग काय पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घ्याल? या मुलींचे हात तयार व्हायला जो काळ गेला तो कुठल्या बोटीत भरून नेणार? त्या एका देशाकडेच का डोळे लावून बसलाय? आखात आहे, आफ्रिका आहे, दोन्हीकडे धूळ आहे, ऊन आहे, गाड्या आहेत, आणि आपली पट्टी उन्हातच तपासलेली आहे. आणि पुराचं म्हणाल, तर मागच्या पुरात रस्ता बंद असताना या आमच्या कारखाना प्रमुखांचे लोक ट्रॅक्टरवर बसून कामाला आले होते. तुम्हांला ते दिसलं नाही, कारण तुम्ही हा देश गाडीच्या काचेतून बघता. उद्या यांच्याबरोबर दिवसभर मशीनपाशी उभे राहा आणि मग मत बनवा.

मी थांबले. नोकरी गेली, असं अगदी स्वच्छ वाटलं. संचालकांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले आणि मला कळेना काय झालं, तर ते हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "अशी बोलणी मी आजवर फक्त माझ्या सासूबाईंकडून खाल्ली आहेत. त्या कोबेच्या." आणि मग एकदम गंभीर होऊन, "उद्या सकाळी पहिल्या पाळीला येतो."

आले. पहिल्या पाळीला आले आणि दुसरी सुरू होईपर्यंत हलले नाहीत. कारखाना प्रमुख दाखवत होते, ते विचारत होते, आणि दुपारनंतर दोघं माझ्याशिवायच बोलायला लागले, खुणांनी, मोडक्या इंग्रजीनं, रबर बोटांत पिळून. उपाध्यक्षही मागे उभे होते. कँटीनमध्ये ते कारखाना प्रमुखांच्या समोर ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "काल तुम्ही मला 'नाही' म्हणालात. मला बरं वाटलं." कारखाना प्रमुख म्हणाले, "रोज म्हणेन." आणि आपल्या ताटातला पापडासारखा फुललेला अप्पळम त्यांच्या ताटात ठेवला.

काल संध्याकाळी पत्र आलं. नवी लाइन इथेच. पहिली यंत्रं पुढच्या महिन्यात बंदरात उतरतील. आखात आणि आफ्रिकेतली गिऱ्हाइकं शोधायचं काम चेन्नईकडे, आणि त्या कामाची प्रमुख म्हणून माझं नाव! दुभाषी म्हणून दुसऱ्या कुणाला तरी घ्या, असं संचालकांनी लिहिलंय, कारण हिला आता स्वतःचं बोलायचं काम आहे. मुलींना सांगायला आम्ही मशीनपाशी गेलो तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या, मामी. टाळ्या नाही, शिट्ट्या. कारखाना प्रमुखांना हसू आवरेना आणि मीही तिथेच, सगळ्यांसमोर, दोन बोटं तोंडात घालून एक मारून बघितली. वाजली.

पहिला दौरा आफ्रिकेतल्या मोम्बासाचा. तिथली भाषा मला येत नाही. म्हणजे माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे दुसरं कुणीतरी बसेल, आणि मी त्याला आधीच सांगणार आहे, मी तिखट बोलले तर तिखटच पोचव.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या घराच्या जागी आता फ्लॅट आहेत आणि ओळखीचं कुणी उरलेलं नाही. दारात किल्ली फिरतेय, नवरा आला. काल घरी पोचले तेव्हा दुसरेच पाहुणे बसले होते, म्हणून म्हटलं उद्या निवांत सांगू. आता सांगेन आणि तो विचारेल, आधी कुणाला सांगितलंस? मी म्हणेन, तुलाच.