फेरफार

नेपरव्हिल, अमेरिका, १८ जानेवारी १९८७

ती. आण्णांना मृणालिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या नातीची, पद्मिनीची, ऑपरेशनची जखम भरली. काचेचा डोळा ती येईल त्याला कौतुकाने दाखवते. डोळ्यात कॅन्सरची गाठ का झाली, ते काल डॉक्टरांनी सांगितलं. म्युटेशन. मी अर्थ विचारला, तर म्हणाले, बीजातला बदल. तिच्यातच नव्याने झाला असेल तर पुढच्या बाळाला फारशी भीती नाही. आमच्यापैकी कुणाकडून आला असेल, तर प्रत्येक बाळाला निम्मा धोका. आण्णा, मला चौथा महिना आहे.

माझे डोळे स्वच्छ निघाले, तरी माहेरी कुणाचा डोळा गेला होता का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनीही फोनवर तेच विचारलं. नरेंद्रमामाचा डोळा लहानपणी सुजला आणि गेला, असं आई सांगायची. खरं असेल ते लिहा. गिरीशने स्वतःच्या तपासणीची अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केलीय.

लोभ आहेच, तो या घाबरट लेकीवर जरा जास्त असावा.
तुमची मृणालिनी

कराड, ६ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

आमच्या कचेरीत म्युटेशन म्हणजे फेरफार. जमिनीवरचं नाव बदललं की नोंद करायची, पुढच्या उताऱ्यांवर ती चालत जाते. तीस वर्षं तो शब्द बिनघोर लिहिला. तुझ्या पत्रात वाचला आणि लगेच लिहायला बसलो.

नरेंद्रचा डोळा माझ्या विटीने गेला. तुझ्या आजोळचं घर आमच्या शेजारीच; मी नऊ वर्षांचा, तो सात. मला मार बसेल म्हणून त्याने घरी काही सांगितलं नाही. डोळा सुजत गेला. मरेपर्यंत त्याने माझं नाव घेतलं नाही. तुझ्या आईलाही मी सांगू शकलो नाही. डॉक्टरांना सांग, रक्तात काही नव्हतं, हात माझा होता.

गिरीशरावांवर रागावू नकोस. तेही भ्यायले असतील.
तुझा आण्णा

नेपरव्हिल, २१ जून १९८७

ती. आण्णांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गिरीशने दोनदा वाचलं आणि स्वतःच गाडी काढून तपासणीला गेला. त्याच्या डोळ्यात तशाच गाठीचा जुना, आपोआप बरा झालेला व्रण सापडला. म्हणजे बदल त्याच्याकडून आला. त्याने आईला फोन करून सांगितलं, मृणालिनीला पुन्हा विचारू नकोस, हे माझं आहे. मग बाळ ठेवायचं का, असं मला विचारलं आणि उत्तराआधीच रडला. मी ठेवायचं म्हटलं. भीती दोघांनाही होती.

नऊ तारखेला मुलगा झाला, चंद्रशेखर. दुसऱ्याच दिवशी डोळे तपासले. उजव्यात मोहरीएवढी गाठ होती, ती गोठवून मारली. दोन्ही डोळ्यांना दिसेल म्हणतात. आता दर महिन्याला तपासणी. काल तो पहिल्यांदा माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मला हसू येईना. पद्मिनीच्या डोळ्यात आधी दिसलं होतं तसं त्याच्या बुबुळांत पांढरं काही चमकतंय का, तेच मी शोधत होते.

आमच्या चौघांवर तुमची माया असू द्या.
तुमची मृणालिनी