फिरकीवरची माती

नाना, तुमच्या त्या रंगीत गळांबद्दल लिहायचं आहे. मासेमारीचं तुमचं वेड आपल्या गल्लीत कुणालाच कळायचं नाही. कारखान्यातले एक साहेब नोकरी सोडून गेले, जाताना आपली विलायती रॉड आणि शिशाच्या डोक्याचे डझनभर गळ तुम्हाला देऊन गेले, तिथून ते सुरू झालं. डोक्याच्या वजनाने गळ तळाशी जातो, दोरी हलवली की उड्या मारतो आणि मासा त्याला जिवंत समजून धरतो, हे तुम्ही जेवताना आम्हाला हातवारे करून सांगायचात. तापीच्या खडकांत ते सगळे गळ एका उन्हाळ्यात अडकून गेले. जळगावात तसे मिळेनात, धुळ्यातही नाहीत. मग तुम्ही भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांत खोबणी कोरून साचा केला आणि शिसं वितळवायला बसलात, तेही स्वयंपाकघरात, आईच्या स्टोव्हवर. आई पाणी भरून आत आली आणि हंडा खाली न ठेवताच ओरडली, "हाऊ मना सयपाकना स्टोव्ह शे, तुमना कारखाना नई! बठ्ठा धूर पोरेसना पोटमा जाई!" कारखान्यात ज्यांच्या आवाजाला माणसं दचकायची ते तुम्ही स्टोव्ह उचलून मागच्या अंगणात गेलात. मी खिडकीतून बघत हसत होते.

नुसतं शिसं काळपट दिसतं, आणि साधा रंग दगडांवर आपटून दोन दिवसांत उडतो. तुमच्या हाताशी मात्र रंगाची पावडर होती, भाजली की वितळून घट्ट बसणारी. कारखान्यात पंख्यांच्या पात्यांवर मारताना खाली सांडलेली, मालकांना विचारून डब्यात भरून आणलेली, नारिंगी आणि पोपटी. मला अजून दिसतंय. तुम्ही पक्कडीत गळ धरून तापवता, वाटीतल्या पावडरीत क्षणभर बुडवता, बाहेर येतो तेव्हा तो पिठात घोळल्यासारखा, आणि बघता बघता ते पीठ वितळून काचेसारखं चमकायला लागतं. मग तारेला टांगून ओव्हनमध्ये पक्कं करायचं. आईने नानकटाईसाठी हौसेने घेतलेला तो गोल ओव्हन त्या दिवशी खाण्याच्या कामातून कायमचा गेला. अडचण होती फिरकीची. दोरीला पीळ पडू नये म्हणून प्रत्येक डोक्यात तुम्ही पितळेची छोटी फिरकी बसवली होती, आणि पावडर तिच्यातही शिरून घट्ट व्हायची. दोन डझन गळ रंगले, एकाचीही फिरकी फिरेना. सुईने कोरून पाहिलंत तर रंग ढलप्यांनी निघाला. कागद गुंडाळलात, तो जळला. शेवटी तुम्ही सगळे गळ डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवलात.

त्या दिवसांत आपलं बोलणं जवळजवळ बंद होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि तुमच्याच कारखान्यात रंगाची तपासणी करायला माणूस हवा होता. मी विचारलं तेव्हा तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. "भट्टीजवळ माझी मुलगी उभी राहणार नाही. धुळ्याहून स्थळ येतंय, तिकडे लक्ष दे." एवढंच. मी त्या रात्री जेवले नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

आठवडाभराने आई अंगणातल्या चुलीला पांढऱ्या मातीचा हात देत होती. मी शेजारी बसून तुमच्या डब्यातला एक गळ उगाच चाळवत होते. आई म्हणाली, "त्या फिरकीले ही माटी लाय ना. तापनी तरी जळत नई, आन् पानीमा टाकी का लगेच इरघळी जाई." तुम्ही कामावर होतात. आम्ही दोघींनी रंगवायच्या राहिलेल्या एका गळावर करून पाहिलं. फिरकी मातीत लिंपली, उन्हात वाळवली, मग तापवणं, बुडवणं, भाजणं. गार झाल्यावर गळ तांब्यात सोडला, तशी माती सुटली आणि खालून पिवळी फिरकी निघाली. फुंकर मारली तर गरगर फिरली. आई तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "तू सांग त्यास्ले. मनं नाव लेवू नको. तू शिकेल शे, तुनं ऐकतीन."

तुम्ही आलात, तेव्हा मी तो गळ तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही बोटाने फिरकी फिरवलीत, परत फिरवलीत, उजेडाला नेऊन पाहिलंत. "कुणी केलं?" मी म्हणाले, "मी." दुसऱ्या दिवशी तुम्ही ती माती कागदात बांधून कारखान्यात नेलीत, कारण तिथेही नटांच्या आट्यांत पावडर बसून रोज माल परत येत होता. महिन्याच्या आत तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून मालकांपुढे उभं केलंत. "माझी मुलगी. तपासणीला हिला घ्या." धुळ्याच्या लोकांनी निरोप धाडला की नोकरी करणारी मुलगी आम्हाला चालणार नाही. तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "मग राहू द्या म्हणावं." त्या वेळी आई दाराआड उभी होती. तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

आता नरडाण्याच्या एमआयडीसीत माझी स्वतःची शेड आहे, नाना. पावडर मारायला, भाजायला, तपासायला बहुतेक बायकाच आहेत. भोकं बुजवायला सिलिकॉनची बुचं मिळतात, पण एखादा अडनिडा भाग आला की आम्ही अजून माती कालवतो. आई माझ्याकडेच असते. गुडघे दुखतात, कान चांगले आहेत. गेल्या महिन्यात तिला शेडवर नेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही युक्ती माझी नाही, हिची आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग एकीच्या हातातला भाग ओढून घेऊन म्हणाली, "इतली जाड नको लावू, माय. तडकी जाई." तेव्हापासून दर शनिवारी तिला यायचं असतं. डबा भरून सकाळीच तयार बसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. तुम्ही होतात तेव्हा आपण किती वर्षं एकाच स्कूटरवरून कामाला गेलो. त्या रस्त्यात कधीही सांगता आलं असतं. आईने गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही ज्या नजरेने माझ्याकडे बघायला लागला होतात, ती मला आईबरोबरसुद्धा वाटून घ्यायची नव्हती.